एकशे तेहतिसाव्या मजल्यावरून खाली

हिमालयातल्या एखाद्या अवघड खिंडीत जायचं ज्यांच्या मनात येतं, ती माणसं हल्ली आधी माझ्याकडे येतात. मी लिफ्टमन आहे. नऊ मजली कार्यालयात स्टुलावर बसून बटणं दाबतो. तळमजल्यापासून नवव्यापर्यंत माझ्या लिफ्टला अठ्ठेचाळीस सेकंद लागतात आणि त्यात मावेल तेवढाच सल्ला मी देतो. बूट नवे असतील तर महिनाभर आधीपासून घालून फिरा. पहिल्यांदाच जात असाल तर आधी एखादा सोपा डोंगर करून या. वर डोकं दुखायला लागलं तर लपवू नका. वाटाड्या परत फिरा म्हणाला की वाद घालू नका. आणि उतरायचा सराव करा.

शेवटचं ऐकून लोक हसतात. "उतरायचा कसला सराव, काका? उतरताना तर पाय आपोआप चालतात." तेवढ्यात नववा येतो, मी दार उघडतो आणि ते हसत हसत बाहेर पडतात.

ज्यांना अठ्ठेचाळीस सेकंदांहून जास्त सवड आहे त्यांच्यासाठी हे लिहून ठेवतो. यातला शब्द न् शब्द खरा आहे. जिथे तुमचा विश्वास बसणार नाही, तिथे तर जरा जास्तच खरा आहे.

नवव्या मजल्यावर आमचा रेकॉर्ड विभाग. छतापर्यंत फडताळं, फडताळांत जुन्या फायली आणि फायली काढायला शिड्या. तिथल्या प्रमुख म्हणजे बाई. एकतीस वर्षं त्या शिड्यांवर चढल्या-उतरल्या, डावा गुडघा त्यातच कामी आला, आणि निवृत्तीला दोन महिने उरले असताना एके दिवशी त्यांनी लिफ्टमध्ये जाहीर केलं की आपण बर्फातली खिंड चढणार आहोत. उंची पाच हजार दोनशे मीटर.

"बाई, गुडघा?" मी विचारलं.

"त्याला मी विचारलेलं नाही," बाई म्हणाल्या.

खरं कारण मला चार दिवसांनी, सहाव्या आणि सातव्या मजल्याच्या मधे कळलं. बाई राहतात चौथ्या मजल्यावर, आणि त्या इमारतीला लिफ्ट नाही. एकट्याच राहतात. एका रविवारी त्यांचे चिरंजीव भेटायला आले, तर आई पिशवी घेऊन जिना उतरताना दिसली. पाठीकडून. म्हणजे तोंड पायऱ्यांकडे, पाठ रस्त्याकडे, एक हात कठड्यावर, अशी एकेक पायरी मागे मागे. शिडीवरून उतरतात तशी. बाई गेली कित्येक वर्षं तशाच उतरत होत्या. गुडघा दुखत नाही, तोलही जात नाही.

"अगं आई, मागे बघ तरी!" चिरंजीव ओरडले.

"मागे काय बघायचंय? पायऱ्या काल होत्या तिथेच आहेत."

चिरंजीवांना ते काही पटलं नाही. त्यांच्या घरी तळमजल्यावर मागच्या बाजूला एक खोली होती. तिथे आईला हलवायचं त्यांनी ठरवून टाकलं.

"खोलीला खिडकी आहे हो," बाई मला म्हणाल्या. "मी विचारलं, खिडकीतून काय दिसतं? तर म्हणतो, शेजारच्यांची भिंत. पण चांगली रंगवलेली आहे."

मग मायलेकांचं कडाक्याचं वाजलं आणि शेवटी तहाची अटही ठरली. बाईंनी बर्फातली खिंड चढून स्वतःच्या पायांनी खाली यायचं. आल्या, तर चिरंजीव खोलीचं नाव काढणार नाहीत. कुणाच्या पाठीवरून, खेचरावरून किंवा स्ट्रेचरवरून आल्या, तर मुकाट्याने सामान बांधायचं. अट घालताना चिरंजीव हसत होते म्हणे. आई जाणारच नाही, असं त्यांनी धरलं होतं. आईला त्यांनी फक्त घरातच पाहिलेलं होतं.

बाई जाणार म्हटल्यावर विभागातले सहाजण निघाले. त्यातल्या दोघांचीच ओळख तुम्हाला पुरे. एक मोजपट्टी. याच्या खिशात कायम पोलादी पट्टी, आणि हा बिस्किटसुद्धा मोजल्याशिवाय चहात बुडवत नसे. दुसरा टपाल. हा आवक-जावक बघायचा, आणि स्वभाव असा की स्वतःच्या तब्येतीची बातमीसुद्धा आठवडाभर उशिरा पोचवायचा. डोंगराचा अनुभव कुणालाच नव्हता. पण परवान्याला आठ माणसांचा गट लागत होता आणि झाले होते सात.

मोजपट्टीने कागद काढला. तळापासून नवव्यापर्यंत एकशे बासष्ट पायऱ्या, म्हणजे सत्तावीस मीटर. मी दिवसाला दीडशे वेळा वर जातो. वर्षाचे तीनशे दिवस, अशी सव्वीस वर्षं. त्याने बेरीज केली, पट्टी खाली ठेवली आणि उभा राहिला. "लिफ्टवाले, तुम्ही आजवर एकतीस हजार पाचशे नव्वद किलोमीटर चढला आहात. पृथ्वीला जवळजवळ पाऊण वेढा. आमच्यात एवढा अनुभव कुणाचाच नाही."

मी नम्रपणे मान खाली घातली. मी तेवढाच उतरलोही आहे, हे कुणी मोजलं नाही. सगळी चूक तिथेच होती, पण तेव्हा ती कुणाच्या ध्यानात आली नाही. माझ्याही नाही.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. पाठीवर सॅक, सॅकमध्ये आठ-आठ किलो जुन्या फायली, आणि जिन्याने तळापासून नवव्यापर्यंत दिवसाला दहा फेऱ्या. कामाआधी चार, जेवणाच्या सुट्टीत दोन, काम सुटल्यावर चार. मोजपट्टीने भिंतीवर खिंडीची उंची मांडली आणि रोज दोनशे सत्तर मीटरनी पेन्सिलीची रेघ वर सरकवली. फेरी संपली की खाली यायला मी होतोच. चढलेला माणूस कशाला उतरण्यात वेळ घालवील? सगळे लिफ्टने खाली यायचे आणि पुन्हा जिन्याला लागायचे. बाई सोडल्या तर त्यांच्या घरीही तीच गत होती. कुणी तळमजल्यावर राहत होतं, कुणाकडे लिफ्ट होती.

विसाव्या दिवशी, तिसऱ्या फेरीत, पाचव्या मजल्याच्या जरा वर आम्ही खिंड जिंकली. जिन्यातच बिस्किटं वाटली. तोवर मंडळींच्या पोटऱ्या इतक्या भरल्या होत्या की टपालने पँटी पायांतून फाडून घेतल्या आणि शिंप्याकडून त्यांना बटणं लावून घेतली. माझ्या लिफ्टवर मात्र परिणाम झाला. तीन आठवडे रिकामी वर आणि भरलेली खाली जाऊन जाऊन ती वर जाताना उसासे टाकायला लागली. दुरुस्तीवाला आला, सगळं उघडून पाहिलं आणि म्हणाला, "यंत्र ठीक आहे. वाईट तिला वाटतंय." त्याने तेल घातलं आणि तो निघून गेला.

मग आम्ही हिमालयात गेलो.

पायथ्याला एक नोंदचौकी होती. तिथल्या माणसाने आमची नावं वहीत लिहिली, बुटांकडे बघितलं आणि विचारलं, "याआधी कुठे?" मोजपट्टी म्हणाला, "नवव्या मजल्यावर." त्याने तेही लिहून घेतलं.

वाटाड्या चाळिशीचा, कमी बोलणारा. त्याची शिकवण एवढीच: सावकाश चाला, पाणी प्या, दिवसा उंच जाऊन या आणि झोपायला खाली या. मोजपट्टीला यातला शेवटचा भाग अजिबात मान्य नव्हता. चढलेली उंची परत द्यायची म्हणजे काय! पण तिसऱ्या मुक्कामानंतर त्याचा विरोध मावळला, कारण विरोध करायला श्वास लागतो. तिथली हवा इतकी विरळ की बोलणंसुद्धा तोलून मापून करावं लागे. मोजपट्टीने आधी विशेषणं सोडली, मग क्रियापदं. चौथ्या दिवशी तो नुसता "चहा" म्हणायचा, तोही अर्धा. उरलेला अर्धा आम्ही समजून घ्यायचो.

टपालचं डोकं दोन दिवस ठणकत होतं आणि त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. वाटाड्याने त्याला बुटाची नाडी बांधताना पाहिलं. टपाल दुसऱ्याच्याच बुटाची बांधत होता.

"डोकं दुखतंय?"

"परवापासून," टपाल म्हणाला. "म्हटलं, वर पोचलो की एकदम सांगेन."

"वर पोचल्यावर सांगायला तुम्ही उरला नसता," वाटाड्या शांतपणे म्हणाला. त्याने टपालला तसाच खालच्या मुक्कामी नेला आणि आम्हा सगळ्यांना दोन दिवस बसवून ठेवलं. टपाल ठीक झाल्याची खात्री पटल्यावरच आणलं. हे मात्र मी हसण्यावारी सांगत नाही. डोकं दुखलं, उलटी झाली, तोल जायला लागला, तर चढायचं नाही. खाली यायचं. खिंड तिथेच राहते.

खिंडीच्या दिवशी पहाटे निघालो. शेवटचा चढ बर्फाचा, चारशे मीटर उंचीचा. आणि काय सांगू, आम्ही चढलो! वाटाड्या दोनदा म्हणाला, "हळू." साडेदहाला आठही जण खिंडीत उभे. चहूकडे शिखरं, खाली ढग. बाईंनी गॉगल काढला, डोळे पुसले आणि पुन्हा लावला. म्हणाल्या, "वारा आहे." वारा नव्हता.

दहा मिनिटं अशी गेली. मग एक गोष्ट घडली, जिच्याबद्दल मी आजवर कुणालाही दोष दिलेला नाही. एकेक करून सातही जण माझ्यासमोर रांगेत येऊन उभे राहिले. सॅक पोटाशी धरून. गर्दीच्या वेळी उभे राहतात तसे.

"चला," मोजपट्टी म्हणाला, "घ्या खाली."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघत होते. माझा हातसुद्धा बटणासाठी उजवीकडे गेला होता, तो मी हळूच खिशात घातला.

मग आम्ही पायांनी उतरायला लागलो. वीस पावलं. एकविसाव्या पावलाला मोजपट्टीच्या मांड्या शिवणयंत्रासारख्या थडथडायला लागल्या. टपाल बसला तो बसलाच. बाकीचे गुडघ्यांवर हात ठेवून उभे. ज्या पायांनी पाच हजार मीटर जिना चढला होता, त्यांना खाली यायचं कसं हे कुणी शिकवलंच नव्हतं; मुक्कामांजवळचे उतार तर नावापुरतेच होते. वाटाड्याने पश्चिमेकडे बघितलं. तिकडे ढग वर यायला लागले होते.

"बारापर्यंत बर्फ सोडायला हवा," तो म्हणाला. "एकेकाला पाठीवर घेतो. आधी बाई."

"मला हात लावायचा नाही," बाई म्हणाल्या.

"बाई, हट्ट करू नका," टपाल बसल्या बसल्या म्हणाला. "आम्ही कुणाला सांगणार नाही."

"तू नाही सांगणार. पण त्या खोलीत बसून भिंतीकडे बघताना मला तर माहीत असेल ना?"

एवढं बोलून बाईंनी दरीकडे पाठ केली. काठी बर्फात रोवली, बुटाचं टोक बर्फात मारलं, दुसरा पाय खाली, पुन्हा टोक. चार पावलं अशा उतरल्या. वर बघून म्हणाल्या, "बघताय काय? शिडी आहे असं समजा. एकतीस वर्षांत फायली घेऊन कधी तोंड पुढे करून उतरलात का?"

विभागातले सगळेच शिडीवाले. सातव्या सेकंदाला आठही पाठी दरीकडे झाल्या. आणि तुम्ही घरी करून बघा, कुठल्याही जिन्यावर: असं उतरताना गुडघ्यांना वाटतं आपण चढतोच आहोत. त्यांना कुणी खरं सांगू नये. वाटाड्या सगळ्यांच्या खाली, सरळ तोंडाने, वाट दाखवत. मी सगळ्यात वर. मला तिथून दुसरं काही करता येत नव्हतं, म्हणून मी मजले पुकारायला लागलो. चारशे मीटर म्हणजे एकशे तेहतीस मजले.

"एकशे तेहतीस!"

मंडळींना धीर आला. पुढच्या अठरा पावलांना, "एकशे बत्तीस!" शंभराला मोजपट्टीचं एक क्रियापद परत आलं. ऐंशीला त्याने विचारलं, "कुणी उतरणार आहे का मधे?" आणि चक्क हशा झाला.

एक्केचाळिसाव्या मजल्यावर बाई थांबल्या. डावा गुडघा अडला. वाकेना, सरळही होईना. खाली वाटाड्याने पाठ पुढे करून ठेवली. ढग आता पायाशी आले होते. बाईंनी वर माझ्याकडे पाहिलं. एवढ्या वर्षांत त्यांना घाबरलेलं मी पहिल्यांदा बघत होतो.

आता हे माझं काम होतं. लिफ्ट दोन मजल्यांच्या मधे अडकली की लोक खाली जायचं बटण दाबत सुटतात. त्याने ती आणखी अडकते. दोन मिनिटं काही करायचं नाही. मग तिला आधी थोडी वर घ्यायची. मोकळी झाली की खाली.

"बाई, दोन मिनिटं उभ्या राहा. मग दोन पायऱ्या वर या."

"वर?"

"वर. सगळ्यांनीच. लिफ्ट एकच आहे."

आठही जण दोन पावलं वर चढले. तिसऱ्या श्वासाला बाईंच्या गुडघ्यात बारीक कट्ट आवाज झाला, तो मी वर ऐकला. बाईंनी पाय वाकवला, मग सरळ केला.

"चाळीस," बाईच म्हणाल्या.

पावणेबाराला आम्ही बर्फाखाली होतो. ओढ्यापलीकडे खडकाआड आमचे तंबू होते. त्यांत शिरलो ते दुसऱ्या दिवशी दुपारीच बाहेर आलो.

घोळ झाला तो आम्ही झोपलेलो असताना. ठरल्या वेळी आम्ही परतलो नाही म्हणून चौकीचा माणूस शोधायला वर आला. वारं पडलं होतं, बर्फावरचे ठसे जसेच्या तसे. त्याने बर्फाच्या खालच्या कडेलाच बसून शांतपणे मोजले. सतरा माणसं वर गेली होती आणि एकच खाली आला होता. आठांची नोंद असताना वर सोळा कशी गेली, हे त्याला कळेना. पण खाली आलेला एक त्याला ओढ्यावर भांडी घासताना सापडला. वाटाड्या. सोळा माणसं वर टाकून आल्याबद्दल त्याची उलटतपासणी सुरू झाली. आम्ही जागे झालो तोवर आमच्या घरोघरी फोन गेले होते. मग पुन्हा गेले. दुसऱ्या फोनवर चौकीवाल्याने चिरंजीवांना सांगितलं की आई सुखरूप आहे, मात्र त्या पायांनी उतरल्याची बर्फावर काही खूण नाही. खाली येणारे ठसे फक्त वाटाड्याचे. चौकीवाल्याने जे दिसलं तेच सांगितलं.

चार दिवसांनी परतलो. बाईंची सॅक घेऊन मी त्यांच्यासोबत चार मजले चढलो. इमारतीत रंगकाम निघालं होतं. भिंती खरवडून सगळ्या जिन्यावर चुन्याची पांढरी भुकटी पसरली होती. आम्ही पाणी पितोय, तोच चिरंजीव आले. दोन्ही काखांत रिकामी खोकी. धापा टाकत खुर्चीत बसले. आधी त्यांनी आईला नीट पाहून घेतलं, डोळे भरून आले, ते आवरले आणि मग म्हणाले, "आई, काय बांधायचंय ते सांग."

"काही नाही. मी माझ्या पायांनी आले."

"आई, चौकीवाल्याने ठसे मोजलेत. खाली एकच माणूस आला. म्हणजे त्याने तुला पाठीवरून आणलं."

"आणि आम्हा सातांना कुठे, खिशातून?" मी विचारलं.

"काका, तुमचं बोलणं मी लहानपणापासून आईच्या तोंडून ऐकतोय. गेल्या वर्षी तुमची लिफ्ट दहाव्या मजल्यावर गेली होती."

ती गेली होती, पण तो विषय वेगळा.

बाई उठल्या. दाराबाहेर गेल्या. आम्ही बसून राहिलो. मिनिटभराने, दोन मिनिटांनी, खूप खालून आवाज आला, "अरे, ये खाली!"

चिरंजीव दारात गेले. मीही त्यांच्यामागे गेलो. समोर चुन्याने पांढरा झालेला जिना. त्यावर त्यांचे स्वतःचे ठसे होते, वर येणारे. माझे होते, वर येणारे. बाईंचे होते, वर येणारे, दोनदा. खाली जाणारा एकही नव्हता.

"आई, तू कुठे आहेस?"

"तळमजल्यावर. मोज ठसे."

चिरंजीवांनी मोजले. वाकून पुन्हा मोजले. शेवटी आत आले, खोकी उचलली, रिकामीच, आणि खाली निघाले. दुसऱ्या पायरीवर त्यांचे गुडघे लटपटले. काही खास नाही. कार्यालयातला माणूस, चार मजले एका दमात चढलेला.

कठडा धरून ते थांबले. खोकी काखेत सावरली. आणि हळूच वळून त्यांनी तोंड माझ्याकडे केलं, पाठ खाली.

"आई," ते ओरडले, "मागे बघू का?"

"काय बघायचंय?" खालून उत्तर आलं. "पायऱ्या काल होत्या तिथेच आहेत."

त्यांनी पाय खाली टाकला. मग दुसरा. मी आपला वरच्या पायरीवर उभा राहून मोजत होतो. अठरा झाल्या.

"तिसरा," मी पुकारलं.